चिंधीपलीकडचा पट्टा

माल समोर टांगलेला, गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आणि दुकानदार थंडपणे 'न्हाई' म्हणतोय, हे दृश्य मी माझ्या साऱ्या फिरतीच्या नोकरीत एकाच दुकानात पाहिलं. गोरेगावात, सेनगाव-हिंगोलीच्या जीपा जिथे भरतात त्याच्या समोर ते दुकान होतं. आज तिथे मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात आणि दुकानदार कुणालाच 'नाही' म्हणत नाही.

मी तेव्हा हिंगोलीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे सेल्समन होतो. मळणीयंत्राचे पट्टे, बेरिंगा, पुल्या, मोटारीचे स्टार्टर असला सगळा काळा आणि तेलकट माल विकायचा. ऐन सोयाबीनच्या दिवसांत मी पहिल्यांदा त्या दुकानात शिरलो, तेव्हा एक शेतकरी पट्टा मागत होता. भिंतीतून एक लांब लोखंडी गज बाहेर आलेला होता आणि त्यावर पट्टे बांगड्यांसारखे ओवलेले होते. मागितलेल्या मापाचे तीन-चार पट्टे मला स्वतःला दिसत होते. दुकानदार म्हणाला, "न्हाई." शेतकऱ्यानं माझ्याकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं आणि काहीबाही पुटपुटत निघून गेला. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, पट्टे तर दिसतायत!"

"दिसून राहिले म्हनून इकायचेच का?" दुकानदार म्हणाला. "त्याचं मशीन चालू हाय. घरात ठेवायला पायजे त्याला. ज्याचं बंद पडलंय, ते गिऱ्हाईक अजून रस्त्यात हाय."

माणूस डोक्यानं थोडा सरकलेला असावा असं मी ठरवून टाकलं, आणि तरीही ऑर्डर काढायला बसलो. हे चिंधीमामा.

खरं नाव दत्तराव. ते नाव दुकानाच्या पाटीवर होतं आणि पाटीवरच राहिलं. सगळा गाव त्यांना मामा म्हणे, आणि पाठीमागे चिंधीमामा. ती चिंधी त्या गजावर बांधलेली असायची. मामींच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून केलेली. गजावर पुढे आठ-दहा पट्टे, मग चिंधी, मग तिच्या पलीकडे भिंतीला लागून आणखी काही पट्टे. विक्री पुढून व्हायची. पुढचे संपून चिंधी उघडी पडली की दोन गोष्टी घडत. एक म्हणजे मामा त्याच दिवशी नवीन माल मागवत. दुसरी म्हणजे चिंधीपलीकडचा पट्टा साध्या गिऱ्हाइकाला बंद होई. तो फक्त ज्याचं यंत्र बंद पडलंय त्याला.

यातली खुबी चिंधीच्या जागेत होती. उन्हाळ्यात तिच्या पलीकडे एखाद-दुसरा पट्टा असे. पोळा झाला की मामा स्टुलावर चढत आणि ती चिंधी पुढे सरकवत. दसऱ्याच्या सुमारास तर गजावरचे निम्मे पट्टे चिंधीपलीकडे गेलेले असत. कारण तेव्हा सगळ्या तालुक्याची सोयाबीन एकदमच कापायला येते, सगळी मशीनं एकदमच चालतात आणि पट्टे तुटायला लागले की तेही एकदमच. शिवाय दिवाळीत ट्रान्सपोर्ट बंद. मामा म्हणायचे, "माल संपला तं काई बिघडत न्हाई. मागवल्यापासून येवस्तोवर जे दिवस जातेत ना, ते बिघडवतेत. म्या दुकान त्या दिवसांसाठी मांडून बसलोय. बाकीच्या दिवसाला तं कोनीबी दुकान चालवतंय."

चिंधीपलीकडचा पट्टा हवा असेल तर नियम एकच होता. तुटका पट्टा दाखवायचा. मामा तो हातात घेत, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत आणि विचारत, "मशीन कुठं बंद पडलंय?" गावाचं नाव कळलं, की मग नवा पट्टा खाली येई. लोकांना याचा राग येई, पण राग आला तरी लोक डोकं चालवायचं सोडत नाहीत. एका वर्षी एक तुटका पट्टा तीन गावं फिरून तीन वेगवेगळ्या माणसांच्या खांद्यावरून दुकानात आला. तिसऱ्या वेळी मामांनी तो ओळखला. त्यांनी त्या माणसाला चहा पाजला, पट्टा न देता परत पाठवला, आणि दुसऱ्या दिवसापासून तुटका पट्टा दुकानातच ठेवून घ्यायला सुरुवात केली. जुना द्या, नवा घ्या. मागच्या खोलीत त्या मेलेल्या पट्ट्यांचा हा मोठा ढीग साठला. कुणी फाटकाला बांधायला नेई, कुणी बैलगाडीत टाकायला.

माझं आणि त्यांचं पहिली दोन वर्षं भांडणच होतं. मला महिन्याचं टारगेट असे. डझनावर एक पट्टा फुकट, दोन डझनांवर भिंतीवरचं घड्याळ, असल्या स्कीमा घेऊन मी जाई. मामा मला बघितलं की आतल्या बाजूला ओरडत, "अहो, चहा ठेवा, टारगेट आलं!" पुढे त्यांनी माझं नावच टारगेट ठेवलं. मामीही मग तसंच म्हणू लागल्या. स्कीम मात्र एकदाही घेतली नाही. "फुकटचा पट्टा बी गजावर जागा खातोच की," ते म्हणत. "अन् रबर हाय ते. टांगून टांगून वाळतंय. गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाऊन दोन तासात तुकडा पडला, तं शिव्या तुमच्या मालकाला देनार का मला?"

त्यांना ऑर्डर विचारायचीही एक पद्धत होती. "यंदा किती लागतील, मामा?" असं विचारलं की चिडायचे. "किती लागतील ते देवाला बी ठाऊक न्हाई. कमीत कमी किती अन् लईत लई किती, असं इचारा. मंग बोलता येतं." आणि खरंच बोलत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे प्रश्न ठरलेले. पेरणी कवा केली, तुमच्या गावात मशीनं किती, औंदा कोनी नवं घेतलं का, शेवटचा पाऊस कवा पडला. सोयाबीन ओली असली की पट्ट्यावर ताण येतो, हे गिऱ्हाइकालाही माहीत असे. फरक एवढाच, की गिऱ्हाइकाला स्वतःच्या शेतातलं माहीत असे आणि मामा सगळ्यांचं ऐकून घेऊन चिंधी सरकवत.

घरीही तेच. मामी म्हणत, "साखरेच्या डब्यात चिंधी बांधायची तेवढी ऱ्हायलीय." त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाला मी गेलो होतो. लग्नाला नेमकी किती माणसं येतील हा प्रश्न आजवर कुणाला सुटलेला नाही. मामांनी अर्धाच भात शिजवून घेतला. उरलेले तांदूळ धुऊन, निथळून तयार. दोन जास्तीच्या चुलींवर आधण उकळत ठेवलेलं. "शिजलेलं परत करता येत न्हाई, धुतलेलं वाळवता येतं," असं त्यांचं म्हणणं. त्या चुलींपाशी त्यांचा धाकटा भाऊ भगवान उभा होता, कमरेला टॉवेल खोचून. मामा मांडवातून पंगतीवर नजर फिरवत आणि हात वर करत. हात वर गेला की भगवान एक चूल भरे. नवरदेवाकडची एक गाडी कुणाच्या हिशोबात नसताना आली, तेव्हा मामांनी दोन्ही हात वर केले, आणि भगवान लांबूनच ओरडला, "पाठव दादा, किती बी पाठव!" दोघं भाऊ इतके खूश मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

भगवानचं स्वतःचं मळणीयंत्र होतं, आमच्याकडे ज्याला हडंबा म्हणतात ते मोठं. हंगामात तो ते भाड्यानं गावोगाव फिरवी. दुकानात तो गिऱ्हाईक म्हणूनच येई, पण बाकावर बसून तास तास गप्पा मारी आणि मामांच्या चिंधीची टिंगल करणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे असे. "दादाच्या दुकानात चिंधीला जेवढा मान हाय तेवढा भावाला न्हाई," असं तो हसत हसत म्हणे. हे वाक्य पुढे तसंच्या तसं खरं होईल असं त्या बाकावर बसलेल्या कुणालाही वाटलं नसेल.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी तिथेच होतो. दसरा होऊन गेला होता. पंधरा दिवस मशीनं अखंड चालली होती आणि भगवानच्या मशीनला लागणाऱ्या मापाचा एकच पट्टा गजावर उरला होता, अर्थातच चिंधीपलीकडे. मागवलेला माल हिंगोलीहून निघायचा होता. दुकानात पाच-सहा माणसं. त्यातल्या एकाला मामांनी नुकतंच 'न्हाई' म्हटलं होतं आणि तो अजून बाकावरच फुगून बसला होता. तेवढ्यात भगवान आला.

"दादा, पट्टा दे. मशीन पुसेगावला चाललंय."

"तुटला का?" मामांनी विचारलं.

"तुटला न्हाई. पन जुना झालाय, आज न उद्या तुटंल. तिथून कवा येऊ म्या परत?"

बाकावरचा माणूस सरसावून बसला. सगळे मामांच्या तोंडाकडे बघू लागले. मामांनी एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा गजाकडे.

"तुटल्यावर ये," ते म्हणाले.

भगवान आधी हसला. थट्टा चालली आहे असंच त्याला वाटलं. मग कुणीच हसत नाही हे बघून त्याचा चेहरा बदलला. तो बाहेर पडला आणि ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. बाकावरचा माणूसही उठला आणि जाता जाता म्हणाला, "बराबर हाय, मामा. नियम सगळ्यायला एक." मामांना ते शब्द गोड लागले नाहीत, हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमकडचा एक अनोळखी माणूस तुटका पट्टा खांद्यावर टाकून आला. मशीन बंद, मजूर बसलेले. मामांनी तो शेवटचा पट्टा त्याला दिला. आणि दुपारी पुसेगावात भगवानचा पट्टा तुटला. ज्याची मळणी चालली होती त्या शेतकऱ्याचा मुलगा मोटारसायकलवर दुकानात आला, तेव्हा गजावर त्या मापाचा एकही पट्टा नव्हता. सेनगाव-हिंगोलीतही त्या मापाचे पट्टे संपले होते; नवा माल येऊन पट्टा पुसेगावला पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. मधल्या रात्री पाऊस झाला. शेतात रचलेली सोयाबीनची सुडी झाकली होती, पण खालून पाणी शिरलं. दाणे काळे पडले. त्या शेतकऱ्यानं दोष दिला तो भगवानला. सख्ख्या भावाचं पट्ट्याचं दुकान आणि हा जास्तीचा पट्टा न घेता मशीन आणतो, हे कुणाला खरं वाटणार? पुसेगावात पुढच्या हंगामात भगवानचं मशीन कुणी बोलावलं नाही.

चार दिवसांनी तो दुकानात आला. मी नव्हतो, मामींनी सांगितलं. उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, "दादा, तुझ्या चिंधीसंगच ऱ्हा आता." नंतर पट्टे तो सेनगावातून घेऊ लागला. घरं एकाच गल्लीत. येता-जाता समोरासमोर येत, पण बोलणं बंद.

मामा चुकले होते का? मी यावर खूप विचार केला आहे, नोकरीच तशी आहे. वाशीमकडच्या माणसाचं मशीन खरोखर बंद होतं. त्याला पट्टा दिला नसता, तर त्याची सुडी भिजली असती. हिशोबानं मामा बरोबर होते. पण भगवान दुसऱ्या गावाला, मुक्कामी कामावर निघाला होता. त्याच्या बाबतीत 'तुटल्यावर ये' म्हणजे 'येऊ नको' म्हणण्यासारखंच होतं, आणि एवढी गोष्ट मामांच्या नियमात बसलेली नव्हती. बाकावर फुगलेला तो एक माणूस नसता, तर ती त्यांना तिथल्या तिथे सुचलीही असती, असं मला वाटतं. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी भावाला जरा जास्तच कोरडं माप दिलं.

मामांनी नियम बदलला. पुढच्या वर्षापासून लांबच्या गावी मशीन नेणाऱ्याला चिंधीपलीकडचा पट्टा मिळू लागला, एका अटीवर. जुना पट्टा न तुटता काम झालं, तर नवा परत आणायचा. लोकांनी आणलेही. काहींनी नाही आणले, तर मामा त्यांना पुढच्या हंगामात बाकावर सगळ्यांसमोर आठवण करून देत. नियम सुधारला, सगळ्या तालुक्याला त्याचा फायदा झाला, फक्त ज्याच्यामुळे सुधारला तो सोडून. मी एकदा म्हटलंही, "मामा, एकदा जाऊन बोला ना त्यांच्याशी." मामा पुलीला लागलेला गंज घासत होते. "काय बोलू?" ते म्हणाले. "माल संपला व्हता, असं सांगू? संपला नव्हता."

त्याच वर्षी मला एक नवी गोष्ट दिसली. गजाच्या बऱ्याच वर, छताला लागून एक वेगळा खिळा ठोकलेला होता आणि त्यावर एकच पट्टा. भगवानच्या मशीनच्या मापाचा. माझ्या धंद्याच्या सवयीनं मी शिल्लक मोजताना तो धरला, तर मामा म्हणाले, "तो मालात न्हाई."

"मग कशात आहे?"

"त्याचं गिऱ्हाईक रस्त्यात हाय."

मामींनी आतून चहा आणला आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. दर वर्षी पोळ्यानंतर ऑर्डर देताना मामा त्या मापाचा एक पट्टा जास्तीचा सांगत. नवा आला की खिळ्यावरचा जुना उतरवून गजावर पुढे लावत, म्हणजे आधी खपावा, आणि ताजा पट्टा वर चढे. रबर वाळू नये म्हणून. असं किती वर्षं चाललं ते मी मोजत बसलो नाही. माझे केस पांढरे होईपर्यंत चाललं एवढं खरं.

मध्यंतरी काळच बदलला. मोठमोठी हार्वेस्टर आमच्या भागात येऊ लागली. उभं पीक कापायचं आणि तिथेच दाणे वेगळे करायचे. मी मामांना सांगून पाहिलं की आता पट्टे कमी घ्या. मामांचा अंदाज वेगळा होता. "काळं रान हाय आपलं. पाऊस पडला की ते मशीन फसतं. लोक पुन्हा थ्रेशरकडंच येतेत, बघा तुमी." त्यांनी चिंधी नेहमीपेक्षाही पुढे ओढली आणि गज भरून माल घेतला. त्या वर्षी कापणीच्या दिवसांत थेंबसुद्धा पडला नाही. रानं टणक, हार्वेस्टर सुसाट. होळी आली तरी पट्टे गजावर. मी गेलो तेव्हा मामा त्या पट्ट्यांखाली बसून हसत होते. "टारगेट, औंदा रस्त्यातलं गिऱ्हाईक दुसऱ्याच रस्त्यानं गेलं बघा," ते म्हणाले. त्यांनी माल परत घ्या असं म्हटलं नाही. मीच मालकाशी भांडून निम्मा परत घेतला. त्या माणसासाठी भांडावंसं वाटायचं, ही त्याच्याबद्दलची सर्वांत खरी गोष्ट आहे.

भगवाननंही त्यानंतर दोन हंगाम कसेबसे काढले आणि मशीन भंगारात घातलं. गॅसकटरनं कापून तुकडे टेम्पोत भरले, ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. मामांनीही दारातून पाहिलं. आता त्या मापाचा पट्टा लागणारी मशीनं गोरेगावात मोजायला एका हाताची बोटं पुरून उरली असती. पुढच्या पोळ्याला मी ऑर्डर लिहायला बसलो. मामांनी बेरिंगा सांगितल्या, हळद शिजवायच्या कुकरचे वायसर सांगितले, पाणबुडी मोटारीचं सामान सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अन् तो एक पट्टा." मी मान खाली घालून लिहिला. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून.

मग मामांना दम लागायला लागला. हृदय नीट काम करत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. स्टुलावर चढणं बंद, जड उचलणं बंद. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला दुकानात रस नव्हता आणि मामांचा त्याला आग्रहही नव्हता. दुकान बंद करायचं ठरलं. मी उरलेला माल परत न्यायला दोन-तीन फेऱ्या केल्या. गज रिकामा झाला. चिंधी तेवढी मधोमध लोंबत होती, तिच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडेही काही नाही. खिळ्यावरच्या पट्ट्याकडे मी बोट केलं, तर मामांनी नुसता हात हलवला. मी तो नेला नाही.

शेवटच्या फेरीला मी कपाटातल्या बेरिंगा खोक्यात भरत होतो. मामा खुर्चीत बसले होते. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं, तर भगवान. बराच वाकला होता, दाढी पांढरी. खांद्यावर एक तुटका पट्टा होता, धुळीनं माखलेला, कडा सुटलेल्या, इतका वाळलेला की सापाच्या कातेसारखा कडकडत होता. या खेपेस तो उंबऱ्याच्या आत आला. पट्टा खांद्यावरून काढला आणि काउंटरवर ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "पट्टा तुटला."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पट्टा हातात घेतला आणि तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा प्रत्येकाच्या पट्ट्यावरून फिरवत तसाच. मग त्यांनी नेहमीचा पुढचा प्रश्न विचारला.

"मशीन कुठं बंद पडलंय?"

"पुसेगावला," भगवान म्हणाला.

आतल्या दारात मामी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. ते मशीन भंगारात गेलेलं आहे हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

"टारगेट," मामा म्हणाले, "तेवढा वरचा काढून द्या."

मी स्टुलावर चढलो आणि खिळ्यावरचा पट्टा उतरवला. पट्टा नवाकोरा, कंपनीचा कागद अजून तसाच. भगवाननं तो घेतला, माप बघितलं, पुन्हा बघितलं, वरच्या खिळ्याकडे बघितलं. मग तो बाकावर बसला, त्याच्या जुन्या जागी, आणि पट्टा मांडीवर घेऊन लहान लेकरासारखा रडला. मामा खुर्चीतून उठले, भिंतीचा आधार घेत बाकापर्यंत आले आणि त्याच्या शेजारी बसले. "तवा द्यायला पायजे व्हता रे," ते म्हणाले. "चहा ठेवा," असंही म्हणाले, पण मामी कधीच आत गेल्या होत्या.

आता मी मालकाचं गोदाम सांभाळतो. तिथे गज आहेत आणि प्रत्येक गजावर लाल चिंधी आहे. नव्या पोरांना त्याचा अर्थ सांगावा लागतो. मामा त्या उन्हाळ्यातच गेले, आणि त्यांना खांदा देणाऱ्यांत भगवान सर्वांत पुढे होता.

पण मला सारखी आठवते ती त्या दिवसाची शेवटची गोष्ट. दुकानातून माल गेला की त्याच दिवशी तो मागवायचा, ही मामांनीच लावलेली सवय. भावांचं चहा पिणं चाललेलं असताना मी नकळत खिशातून मोबाईल काढला आणि ऑर्डर टाकायला लागलो, पट्टा, नग एक. मामांनी बशीतून नजर वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तो नका लिहू," ते म्हणाले. "आता मागवायचा न्हाई."